कोरे दिवस

ट्रेमध्ये पंचवीस प्लेट होत्या. बारा ठिकाणांहून आलेलं पिण्याचं पाणी, प्रत्येक पाण्याच्या दोन, म्हणजे चोवीस. आणि पंचविसावी ब्लँक. ब्लँकमध्ये पाणी घालायचं नसतं. जंतूंना वाढायला लागणारं माध्यम तेच, ऊब तीच, हाताळणारे हात तेच, फक्त पाणी नाही. तिच्यावर काही उगवलंच तर ते पाण्यातून आलेलं नाही, आपल्याकडून आलं आहे, एवढं सांगण्यासाठी ती असते. चोवीस प्लेटवरचे ठिपके मी मोजले. सर्वांत कमी सात, सर्वांत जास्त एकशे सदतीस. मग ब्लँक उचलून उजेडासमोर धरली. कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर आत एक ठिपका होता. गोल, पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा. मी प्लेट फिरवली, भिंगाखाली धरली, पुन्हा फिरवली. एक.

एक म्हणजे शून्य नव्हे. ब्लँकवर एक जरी उगवला तरी बाकीच्या चोवीस प्लेटना अर्थ उरत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही सगळे नुसतं मॅडम म्हणतो. मी प्लेट त्यांच्याकडे नेली आणि एकच आहे, असं काहीसं पुटपुटले. त्यांनी चष्मा वर सरकवला. एकटा आहे म्हणून सोडून देऊ का, त्याला सोबत नाही म्हणून तुला कीव आली का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं आणि बारा ठिकाणी फोन करून नवे नमुने मागवायला सांगितलं. मी फोन केले. लोक कुरकुरले. त्याचं मला फार काही वाटलं नाही, असं होतं कधीकधी. पण सातव्या की आठव्या फोनच्या वेळी, पलीकडून कोणीतरी थांबा म्हणून सांगून गेलं होतं आणि मी रिसीव्हर धरून उभी होते, तेव्हा माझी नजर खुर्चीखाली गेली. तिथल्या माझ्या पिशवीत एक वही होती. तिच्यात चाळीस दिवसांच्या नोंदी होत्या, त्यांतले एकोणीस दिवस ब्लँक होते आणि त्या एकोणीस दिवसांच्या भरवशावर मी संध्याकाळी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरला जाऊन नाही म्हणणार होते. त्या दिवसांचे आकडे मी पाहिले होते. ते दिवस उजेडासमोर धरून पाहिले नव्हते.

या सगळ्याची सुरुवातही पाण्यापासूनच झाली होती. दीड वर्षापूर्वी नमुना घ्यायला मी कॉन्व्हेंटमध्ये गेले होते. आमच्या चर्चपासून दोन बस बदलून जावं लागतं तिथे, दुमजली इमारत, मागे कपडे धुण्याची खोली. नळाचा नमुना घेताना नळाचं तोंड आधी ज्योतीने जाळून घ्यायचं, मग पाणी पूर्ण सोडायचं आणि दोन मिनिटं वाहू द्यायचं, म्हणजे नळीत साचलेलं पाणी निघून जातं. मी घड्याळ लावलं. भिंतीपलीकडे प्रार्थनाघर असावं. तिथे दुपारच्या प्रार्थनेला सुरुवात झाली होती. एका बाजूच्या सिस्टर एक ओळ म्हणायच्या, थोडं थांबायच्या, मग दुसऱ्या बाजूच्या पुढची ओळ म्हणायच्या. आवाज गोड वगैरे नव्हते. एकीचा तर चांगलाच घोगरा होता आणि ती दर वेळी अर्ध्या शब्दाने मागे पडत होती. पण त्या दोन ओळींच्या मधली शांतता प्रत्येक वेळी तेवढीच होती, तिथे कोणी घाई करत नव्हतं. मला वाटलं, एवढी एक शांतता मोजावी. मग वाटलं, अजून एक. मागून कोणीतरी विचारलं, "टाकी रिकामी करायला आली आहेस का तू?" मी घड्याळ पाहिलं तर अकरा मिनिटं झाली होती. दारात एक उंच, हडकुळी सिस्टर हातात ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती. मी नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबला तेव्हाच तो किती मोठा होता ते कळलं. आणि नमुन्याची बाटली रिकामीच होती, तिच्यात पाणी भरायचं राहूनच गेलं होतं, म्हणून पुन्हा नळ जाळा, पुन्हा दोन मिनिटं. सिस्टरने बादली उलटी करून तिच्यावर बसून ती दोन मिनिटं माझ्याबरोबर काढली. पाणी चांगलं निघालं. अहवाल टपालाने पाठवता आला असता. मी हाताने नेऊन दिला.

ही सिस्टर मुलींना पाचारणाबाबत मार्गदर्शन करते, म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये यावं की येऊ नये या विचारात असलेल्या मुलींशी बोलते, हे मला नंतर कळलं. एरवी तिचं काम इस्त्रीचं. वेदीवरची कापडं, फादरांचे झगे, सगळ्या चर्चची. कॉन्व्हेंटमध्ये तिला इस्त्रीवाली म्हणतात, म्हणून मीही मनात तेच म्हणू लागले. ती बोलताना कधी हात थांबवत नाही. कापड पाण्याने शिंपडायचं, गुंडाळून ठेवायचं, आधीचं गुंडाळलेलं उघडायचं, आणि मधेच, मान वर न करता, असा एखादा प्रश्न की समोरच्याने दोन दिवस झोपू नये. मला आत यायचं आहे की काय, असं मला वाटतं आहे की काय, अशा दुहेरी फेऱ्यातलं वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा तिने एवढंच सांगितलं, की रोज संध्याकाळी दोन ओळी लिही. आज मन कशाने मोठं झालं आणि कशाने लहान झालं. बाकी काही करू नकोस.

बाकी काही करू नकोस हे मला जमण्यासारखं नव्हतं. मोठं म्हणजे किती मोठं. पहिल्याच आठवड्यात मी उणे पाच ते अधिक पाच अशी पट्टी केली. मग लक्षात आलं की झोप कमी झाली की आकडा खाली येतो, म्हणून झोपेचा रकाना आला. पाळीचे दिवस, कॉफीचे कप, मॅडमची तब्येत, असे रकाने वाढत गेले. तरी मुख्य अडचण सुटत नव्हती. चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, मला जे वाटतं, घशाखाली काहीतरी सैल होतं, रस्त्यावरची माणसं आपापल्या कडांसकट स्पष्ट दिसतात, ते कशामुळे. पहाटे उठून चालल्यामुळे असू शकतं. तिसऱ्या बाकावर अर्धा तास कोणी काही मागत नाही, त्यामुळे असू शकतं. कॉलेजात असताना एक मित्र होता, मातीचा अभ्यास करायचा. मला तो आवडत होता यात शंका नाही. त्याचा हात हातात घेतला की माझ्या बोटांची टोकं गरम व्हायची. पण त्याच्याबरोबर असताना मी पाहुणी म्हणून आले आहे, घर छान आहे, माणसं चांगली आहेत आणि निघायची वेळ झाली की निघायचं, असं मला सतत वाटायचं. त्याला ते कळलं. तुझं सामान कुठेतरी दुसरीकडेच ठेवलेलं असतं, असं तो न रागावता म्हणाला. तेव्हाही माझ्याकडे तुलना करायला काही नव्हतं. आता करू या, असं ठरवलं. चाळीस दिवस. रोज सकाळी नाणं उडवायचं. छापा आला तर मिस्सा, प्रार्थना, सगळं नेहमीसारखं. काटा आला तर त्या दिवशी काही नाही. रविवारची मिस्सा मोडायची नाही म्हणून रविवार हिशेबातून वगळले. संध्याकाळी आकडा लिहायचा, सकाळचं नाणं विसरून, प्रामाणिकपणे.

छाप्याचे एकवीस दिवस आले, काट्याचे एकोणीस. प्रार्थनेच्या दिवसांची सरासरी अधिक एक पूर्णांक सहा. कोऱ्या दिवसांची अधिक एक पूर्णांक सात. मी तीनदा काढली. फरक नव्हता, आणि जो होता तो उलट्या बाजूला होता. म्हणजे मला जे बरं वाटत होतं ते प्रार्थनेचं नव्हतं. मी मुळात बऱ्या स्वभावाची आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच आठवड्यात मॅडमनी कायमच्या जागेसाठी माझं नाव पुढे पाठवायचं ठरवलं आणि महिनाअखेरपर्यंत हो-नाही सांग म्हणाल्या. मी सिस्टरला द्यायचं पत्र लिहून ठेवलं. चार ओळींचं, नम्र, त्यात सरासरीही दिली होती.

त्या संध्याकाळी बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. वही मांडीवर होती, पण मी ती उघडली नाही. ब्लँकवरचा तो ठिपका कुठून आला असेल याचा विचार करत होते. हवेतून, बाहीवरून, माझ्या श्वासातून. प्लेट ओतताना मी काही बोलले होते का. मला आठवेना. मी कामाच्या वेळी बोलत नाही, अशी माझी स्वतःबद्दल समजूत आहे.

इस्त्रीवाली पांढऱ्या झग्याच्या चुण्या बसवत होती. मी पत्र पुढे केलं. ते तिने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि वही मागितली. आकडे सगळे पत्रात आहेत, असं मी म्हणाले. आकडे नकोत, वही दे, ती म्हणाली. मग तिने चष्मा लावून, एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात वही, अशी वाचायला सुरुवात केली, आणि काट्याचे दिवस तेवढे मोठ्याने, बाजारातली यादी वाचावी तशा सपाट आवाजात.

"दिवस तिसरा. आज काटा. आज बोलणं नाही, सकाळीच सांगून टाकलं." तिने पान उलटलं. "दिवस नववा. सलग तिसरा काटा. वाईट वाटत असेल तर वाटू दे, नियम म्हणजे नियम. दिवस सोळावा. बसमध्ये एक म्हातारी पडता पडता वाचली. बरं झालं. हे बोलणं धरायचं नाही. दिवस सव्विसावा. बाबा एक बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला गेले आहेत, अजून आले नाहीत. आज कोरा दिवस आहे हे मला माहीत आहे, पण त्यांच्याकडे बघ."

इस्त्री तिने उभी करून ठेवली. दीड वर्षात मी ती पहिल्यांदाच थांबलेली पाहत होते.

"कोणाला सांगत होतीस?" तिने विचारलं.

मी वही तिच्या हातातून घेतली. माझंच अक्षर. एकोणीस दिवसांपैकी सतरा दिवसांवर असं काही ना काही होतं. एके ठिकाणी तर मी, आज बोलायचं नाही हे सांगायला विसरले म्हणून दुपारी, प्रयोगशाळेच्या जिन्यावर, मुद्दाम थांबून सांगितलं, अशी वेळेसकट नोंद होती: दोन वाजून दहा मिनिटं. ते लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला, मी घरात नाही, असं आतून ओरडून सांगावं, आणि पुन्हा उद्या या म्हणावं, तसं मी सतरा दिवस करत होते. आधी माझे कान गरम झाले. मग मला हसू आलं, आणि ते थांबेना. इस्त्रीवालीही हसू लागली, तोंडावर हात न ठेवता, तिच्या वरच्या हिरडीतली दोन दात नसलेली जागा दिसत होती. मी म्हणाले की सगळा प्रयोग फुकट गेला. ती म्हणाली, तुझा गेला असेल.

पण तिने मला तिथे सोडलं नाही. झगा पुन्हा फळीवर घेत ती म्हणाली, की एवढ्यावरून इथे आमच्यात राहायला यायचं ठरवू नकोस. देवाशी सगळीकडून बोलता येतं, प्रयोगशाळेतून येतं, संसारातून येतं, तुझे बाबा लिफ्टच्या खड्ड्यात उभे राहून बोलत असतील तर मला काय माहीत. तू कोणाशी तरी बोलतेस, एवढंच आज कळलं. कुठे राहून बोलायचं ते राहिलंच. मी विचारलं, ते कसं ठरवतात. तिने कापडावर पाणी शिंपडलं. "नाही म्हणून पत्र लिहिलंस, त्यानंतर कसं वाटलं?" मी बराच वेळ शोधत राहिले, कारण मला नेमका शब्द हवा होता. शेवटी म्हणाले, नीटनेटकं वाटलं. टेबल आवरल्यासारखं. ती म्हणाली, बरं, आणि शिंपडलेलं कापड गुंडाळून ठेवलं.

मी प्रार्थनाघरात जाऊन बसले. वही बाहेर ठेवली होती. चार सिस्टर आधीच बसल्या होत्या, त्यांतली एक पेंगत होती आणि दुसरी तिला कोपराने हळूच ढोसत होती, ती जागी व्हायची, मान हलवायची, पुन्हा पेंगायची. पायांत त्यांच्या घरच्या सपाता होत्या. एका सपातेचा टाका उसवला होता. मी त्या टाक्याकडे पाहत होते आणि मला वाटलं, हा मी शिवून देईन. मग वाटलं, आज नाही, आज मी पाहुणी आहे. आणि मग मला पाहुणी असण्याचा कंटाळा आला. फार मोठं काही झालं नाही. उजेड बदलला नाही. फक्त, मित्राच्या घरात मला जे सामान कुठेतरी दुसरीकडे आहे असं वाटायचं, ते इथे खाली ठेवलं तर चालेल, असं वाटलं. मी अधिक-उणे काही लावायचा प्रयत्न केला नाही. घोगऱ्या आवाजाची सिस्टर उठून दिवा लावायला गेली. मी इस्त्रीच्या खोलीत परत आले आणि माझं पत्र मागून घेतलं. इस्त्रीवालीने ते खिशातून काढलं, सवयीने त्याच्यावरूनही एकदा इस्त्री फिरवली, आणि दिलं.

कॉन्व्हेंटमध्ये दाखल व्हायला कागदपत्रं तीनच लागतात: बाप्तिस्म्याचा दाखला, आपल्या फादरांचं पत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मॅडमना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग म्हणाल्या की माझी ब्लँक इतकी महाग पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि निदान तिथल्या पाण्याकडे तरी लक्ष दे. आई शिवणाच्या मशीनवर होती. तिने पायाखालचं चाक थांबवलं, दोन मिनिटं रडली, नाक पुसलं, आणि तुझ्या हातचं सगळं करपतं, त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलंय, असं म्हणून परत मशीन सुरू केलं. रात्रीपर्यंत तिने मनातल्या मनात माझ्या सहा पांढऱ्या ब्लाउजांची मापं ठरवली होती. आईचं मला कळतं. बाबांचं कळत नव्हतं. ते तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतात आणि कोणी देवाचा विषय काढला की, मी रोज शंभर माणसं वर पाठवतो, तक्रार एकाचीही नाही, असं म्हणून उठून जातात. मिस्सेला येतात, पण मागे, दाराजवळ उभे राहतात. मी सांगितलं तेव्हा ते तसं काही म्हणाले नाहीत. हं, म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. माझ्या कपाटाचं कधीच न अडकणारं दारही उतरवलं, रंधा मारला, परत बसवलं. मी काही विचारलं की, धर जरा, म्हणायचे आणि माझ्या हातात स्क्रू द्यायचे. मला आत जायचं होतं, ते पक्कं होतं. पण बाबांच्या त्या हं वरून ओलांडून जाणं मला जमलं नसतं, हे मी त्या स्क्रूंबरोबर हातात घेऊन उभी असायचे. त्यांनी अडवलं असतं तर भांडता आलं असतं.

डॉक्टरांकडे मी एकटीच जाणार होते. बाबा दारात चपला घालून उभे होते. त्या बाजूला काम आहे, म्हणाले. त्या बाजूला त्यांचं काही काम नव्हतं. डॉक्टर मला गोवर झाला तेव्हापासून ओळखतात. त्यांनी फॉर्म वाचला, कॉन्व्हेंटचं नाव वाचलं, बाबांकडे पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली. उंची एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. वजन एक्कावन्न किलो. रक्तदाब एकशे दहा, सत्तर. नाडी चौसष्ट. मग पट्टा माझ्या दंडावरून काढून ते बाबांना म्हणाले, आलाच आहात तर बसा. बाबा नको म्हणाले आणि बसले. रक्तदाब एकशे बावन्न, चौऱ्याण्णव. नाडी अठ्ठ्याण्णव. जिना चढून आलात म्हणून असेल, डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं गप्प बसा, आणि बाहेरच्या खोलीतल्या रुग्णाकडे गेले. दवाखाना तळमजल्यावर आहे.

आम्ही दोघं बाकावर बसलो. समोर भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं चित्र होतं. बाबा ते नीट पाहत होते.

"तिथे लिफ्ट नसेल," ते म्हणाले.

"दोनच मजले आहेत बाबा. तळ आणि वर एक."

"म्हाताऱ्या किती आहेत?"

"सत्तरीच्या पुढच्या सात."

"आणि झोपायच्या खोल्या?"

"वर."

त्यांनी बाकाची कड वितीने मोजली. मग म्हणाले, कठड्याला धरून सरकणारी खुर्ची बसते, तिला खड्डा लागत नाही. जिना किती रुंद आहे. मी म्हणाले, मोजला नाही. एवढे दिवस जातेस आणि जिना मोजला नाहीस, ते म्हणाले, कसली तू शास्त्रज्ञ. मी म्हणाले, रविवारी मोजून सांगते. कठड्यापासून भिंतीपर्यंत मोज, त्यांनी सांगितलं, आणि पायऱ्यांची उंची प्रत्येकीची वेगळी, सगळ्या सारख्या आहेत असं धरून चालू नकोस. मग ते म्हणाले, नको, राहू दे, तुला जमायचं नाही, मीच येतो.

डॉक्टर अजून बाहेरच होते. मी बाबांचं मनगट माझ्या मांडीवर घेतलं, तीन बोटं ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर येईपर्यंत थांबले आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. ब्याऐंशी.